पैऱ्याने दिलेले कार्ड

‘अदलाबदल’ या शब्दाची एक गंमत आहे. त्यातला ‘बदल’ अरबी-फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. ‘अदला’ हा मात्र त्याच्या सोबतीला आलेला नुसता नाद. त्याला स्वतःचा अर्थ नाही, आणि तो एकटा कोठे भेटतही नाही. जोडीदारावाचून त्याचे चालत नाही. म्हणजे ही गोष्ट एकट्यादुकट्याने करायची नव्हे, हे त्या शब्दानेच सांगून ठेवले आहे म्हणा ना!

पण दोघे आले की बरोबरीचा प्रश्न आला. लहानपणी आम्ही गोट्यांची अदलाबदल करीत असू. एका दुधी गोटीला तीन साध्या गोट्या हा भाव ठरलेला असे, आणि तरीही रोज एक तरी भांडण होईच. मोठेपणी प्राथमिक शिक्षकांच्या ‘आपसी बदल्या’ पाहिल्या. दोन गुरुजी एकमेकांच्या गावी जातात. कागदावर सारे समसमान असते. पण एकाला एस. टी. दारात मिळते आणि दुसऱ्याला चार मैल चालावे लागते. दिलेले आणि घेतलेले तंतोतंत सारखे आहे, अशी अदलाबदल मी अजून पाहिलेली नाही. तरीही काही अदलाबदली माणसांना जवळ आणतात आणि काही जन्माच्या अढ्या घालून जातात. असे का होत असावे?

यंदाच्या पावसाळ्यात आमच्या घरात एक अदलाबदल झाली, तेव्हापासून हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळतो आहे. ही अदलाबदल होती दोन संगणकांतील ग्राफिक्स कार्डांची.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय, हे ज्या वाचकांना ठाऊक आहे त्यांनी हा परिच्छेद खुशाल ओलांडून पुढे जावे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना मी मराठीच्या मास्तराला जमेल तसे सांगतो. आपल्यासमोरचा साधा पडदा घ्या. त्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा: २० लाख ७३ हजार ६०० होतात. खेळातला घोडा दौडतो आहे असे दिसायला हवे, तर हे सारे ठिपके सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावे लागतात. संगणकाचा मुख्य मेंदू हुशार खरा. पण हे काम हुशारीचे नाही, संख्येचे आहे. उसाच्या फडात एक निष्णात शेतकी अधिकारी उभा केला म्हणून ऊस तुटत नाही. तेथे कोयत्यांची टोळीच लागते. ग्राफिक्स कार्ड ही ती टोळी. १९९९ साली एन्व्हिडिया कंपनीने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड काढले आणि ‘जीपीयू’ हे नाव बाजारात रुळवले. २००७ पासून त्याच कंपनीच्या ‘कूडा’ या साधनाने ही टोळी चित्रांखेरीज इतर हिशेबांनाही जुंपता येऊ लागली. तेथून या खेळण्याचे औत झाले.

आमच्या घरात अशी दोन कार्डे. थोरलीच्या संगणकात ‘जीटीएक्स १६५०’. तो संगणक २०२० साली, शाळा-कॉलेजे बंद पडली तेव्हा घेतलेला. त्या कार्डात ८९६ कोयते आणि चार जीबी स्मृती. धाकट्याच्या संगणकात ‘आरटीएक्स ३०६०’. त्यात कोयते ३५८४, म्हणजे बरोबर चौपट. आणि स्मृती बारा जीबी. हे कार्ड त्याला २०२४ साली दहावीच्या निकालानंतर मामाकडून मिळाले. २०२२ च्या सप्टेंबरात ‘इथेरियम’ या आभासी नाण्याचे उत्खनन कार्डांवर करण्याची पद्धत बंद झाली, आणि त्या खाणीत राबलेली कार्डे जुन्या बाजारात ढिगाने आली. मामाने त्यातलेच एक हेरून भाच्याला दिले. भाचीला तिच्या दहावीला मनगटी घड्याळ मिळाले होते. तेही चांगले होते. अजून चालते.

थोरली सांगलीला अभियांत्रिकी शिकते. यंदा तिने प्रकल्पासाठी विषय निवडला तो असा: हाताने लिहिलेली मोडी अक्षरे यंत्राला ओळखायला शिकवायची. ऐकून माझी छाती दोन इंच फुगली. मोडी ही मोठी लहरी लिपी. आमच्या कडेगावचे मोहरमचे उंच ताबूत जसे आधी कळस बांधून मग खाली उतरवीत आणतात, तशी मोडीतही आधी पानभर आडवी शिरोरेघ ओढायची आणि मग तिला अक्षरे टांगीत जायचे. बोरू शक्यतो उचलायचा नाही. शब्द कोठे संपला हे सांगायचे नाही. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत आणि त्यांत कोट्यवधी कागद. ते वाचणारी माणसे किती उरली? २०१४ साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली; पण जागा मिळणे वेगळे आणि वाचता येणे वेगळे.

यंत्राला अक्षर शिकवायचे म्हणजे हजारो नमुने त्याच्या डोळ्यांखालून पुनःपुन्हा घालायचे. प्रत्येक चुकीनंतर ते आपले आतले आकडे किंचित हलवते. हे हिशेब कार्डाच्या स्मृतीत एका वेळी मावले पाहिजेत. चार जीबीत थोरलीचे काम मावेना. ती नमुन्यांचे लहान लहान घास करून भरवी, आणि एक फेरी पुरी व्हायला रात्रीचे नऊ तास लागत. त्यात पहाटे वीज गेली की सारे मुसळ केरात! मग सकाळी चहाला ती जो चेहरा घेऊन येई, तो पाहून कोणी तिच्याशी बोलत नसे.

येथे मला एक गोष्ट आठवते. २०१२ साली टोरंटो विद्यापीठातील अ‍ॅलेक्स क्रिझेव्स्की या विद्यार्थ्याने चित्रे ओळखणारे एक जाळे तयार केले. ते पाहून साऱ्या जगाने या विद्येची दिशा बदलली. हे जाळे त्याने कोठल्या प्रचंड प्रयोगशाळेत नव्हे, तर आईवडिलांच्या घरी, आपल्या खोलीतल्या संगणकावर शिकवले. त्यात ‘जीटीएक्स ५८०’ ही दोन कार्डे होती, प्रत्येकी तीन जीबीची. जाळे एका कार्डात मावेना, म्हणून त्याने ते दोघांत वाटून दिले. त्याचे गुरू जेफ्री हिंटन यांना पुढे २०२४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. आमच्या घरीही दोन कार्डे होतीच. फरक इतकाच की ती दोन भावंडांच्या खोल्यांत होती, आणि दोन खोल्यांमधली भिंत टोरंटोपेक्षा दूरची असते.

थोरलीने काही मागितले नाही. बोलणे काढले ते सौ.ने. एका रात्री जेवताना ती सहज म्हणाली, “तुझं कार्ड तिला काही महिने दिलंस तर?”

धाकट्याने घास खाली ठेवला. “का म्हणून? मामानं मला दिलंय.”

त्याचे खोटे नव्हते. त्या कार्डाची धूळ तो महिन्याच्या महिन्याला ब्रशने झाडी. उन्हाळ्यात त्याला ताप येऊ नये म्हणून कॅबिनेटची बाजू उघडून समोर टेबलफॅन लावी. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या मालकीचे असे जगात असते तरी किती?

थोरली तडकली. “मला कुणाची भीक नको. माझं मी बघेन.”

नवे कार्ड घ्यायचे तर पगाराचा चांगला लचका गेला असता. आणि शेजारच्या खोलीत जी वस्तू संध्याकाळभर मोटारी पळवीत बसली आहे, तीच वस्तू बाजारातून आणायची, हेही मनाला पटेना. शिवाय सौ.च्या बोलण्यात एक काटा होता, तो सगळ्यांना जाणवला होता. ती म्हणाली, “मुलाचं काढून मुलीला द्या, असं मी म्हणत नाही. पण मुलाला लागतं ते न मागता घरात येतं आणि मुलीला लागतं त्याची चर्चा होते, हे मी माहेरी पाहिलं आणि इथंही पाहते.” यावर काय बोलणार? मामा तिचाच भाऊ होता.

तेव्हा माझी आई बोलली. तिला कार्डातले काही कळत नाही; पण अदलाबदलीतले या घरात तिच्याइतके कोणालाच कळत नाही. कारण ती स्वतः साटेलोट्यात या घरी आलेली. १९७२ च्या दुष्काळाच्या आदल्या वर्षी एकाच मांडवात दोन लग्ने लागली. ती इकडे आली आणि माझी आत्या तिच्या भावाच्या घरी गेली. खर्च निम्मा, व्यवहार चोख. पण एकीला सासरी बोल बसला की त्याचा वळ दुसरीच्या पाठीवर उठे. आत्या रुसून माहेरी आली की आईला माहेरी पाठवण्याची भाषा सुरू होई. दोघींचे एकमेकींशी कधीच भांडण नव्हते. दोघींना कोणी विचारलेही नव्हते.

आई नातवाला म्हणाली, “आरं, तुझं कोण घेतंय? द्यायचं न्हाई आन् घ्यायचं न्हाई. पैरा कर की!”

‘पैरा’ हा शब्द शहरातल्या वाचकांना कदाचित अपरिचित असेल. काही भागांत त्याला सावड म्हणतात. ज्याच्या दावणीला एकच बैल असे, तो शेजाऱ्याच्या एका बैलाशी जोड जमवी. चार दिवस याचे रान, चार दिवस त्याचे. बैल नसेल तर माणसांचे दिवस. आज तू माझ्या भांगलणीला ये, उद्या मी तुझ्या. पैऱ्यात बैलाची किंमत करीत नाहीत, दिवस मोजतात. आणि बैल ज्याचा त्याचाच राहतो.

आमचा तालुका मूळचा कमी पावसाचा. ताकारी आणि टेंभू योजनांनी कृष्णेचे पाणी उपसून वर आणले, तरी रानाला पाळी चुकलेली नाही. पाळी म्हणजे काय, हे येथल्या पोराला समजावून सांगावे लागत नाही. धाकटा थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “मग ताईनं माझ्या दिवसांच्या बदल्यात काय द्यायचं?”

“गणित,” थोरली म्हणाली. त्याचे बारावीचे वर्ष होते. “कार्ड जितके दिवस माझ्याकडं, तितके दिवस रोज एक तास गणित. तू दांडी मारलीस तर तो दिवस माझ्या बाजूनं फिटला.”

“आणि तू मारलीस तर?”

“तर तो दिवस तुझा माझ्याकडं फिरला.”

मुदत ठरली तिच्या प्रकल्पाच्या परीक्षेपर्यंतची, आणि रविवारी सकाळी सोप्यात सतरंजी घातली. दोन्ही कॅबिनेटे समोरासमोर ठेवली. ताबुतांच्या भेटीला जमावी तशी घरची मंडळी भोवती जमली. यंत्रांच्या पाठीमागची बटणे बंद केली, तारा काढल्या, उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून चालू करण्याची कळ काही वेळ दाबून धरली. अंगावरची स्थिर वीज नाजूक भागांना मारक, म्हणून धाकट्याने आधी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावला. मग स्क्रू काढले, खाचेच्या टोकाची चिमटी दाबली आणि कार्ड सरळ वर उचलले. हे सारे त्याने स्वतः केले. दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

आता दोन कार्डे बदलायची म्हणजे दोनच वस्तू बदलायच्या, असे कोणालाही वाटेल. पण नवरीबरोबर पाठराखीण जाते ना, तसे येथे झाले. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला फार तर पंच्याहत्तर वॅट वीज मिळते. थोरलीचे कार्ड तेवढ्यावर भागवणारे. धाकट्याचे मात्र एकशे सत्तर वॅट खाणारे. त्याला आठ पायांची वेगळी तार लागते, आणि कंपनी साडेपाचशे वॅटचा एसएमपीएस घ्या म्हणून सांगते. थोरलीचा एसएमपीएस चारशेचा, आणि त्याला ती तारच नाही. विहिरीवर मोटर मोठी बसवायची आणि खांबावरून तेवढी वीज यायची नाही, अशातली गत! तेव्हा कार्डाबरोबर एसएमपीएसचीही अदलाबदल ठरली. त्यातही एक पथ्य आहे. सुट्या तारांचे एसएमपीएस असतील तर ज्याच्या तारा त्याच्याबरोबरच गेल्या पाहिजेत. दोन कंपन्यांच्या तारांची टोके दिसायला सारखी असतात. पण आतली जोडणी वेगळी असू शकते, आणि एकीची तार दुसरीला लावली तर यंत्र जळण्याची भीती. धाकट्याने प्रत्येक तारेला रंगीत दोरा बांधला.

पुढे लांबीची अडचण निघाली. दोन पंख्यांचे ते कार्ड थोरलीच्या कॅबिनेटात टेकेना. आतला एक रिकामा खण उतरवला तेव्हा कोठे बसले. मग दोन्ही यंत्रांतले जुने ड्रायव्हर काढून नवे घालायचे राहिले. कार्डे एकाच कंपनीची असली तरी पाटी कोरी केलेली बरी. त्यासाठी थोरलीचे यंत्र चालू केले. पंखे फिरले, दिवे लागले, आणि पडदा काळाच राहिला.

सारे एकमेकांकडे पाहू लागले. धाकटा तोवर आपले ‘नवे’, म्हणजे जुनेच, कार्ड बसवून पायरीवर जाऊन बसला होता. त्याचे तोंड उतरलेले होते, हे मला दिसत होते. थोरलीने हाक मारली नाही. तोच आपण होऊन उठला, यंत्राच्या मागे वाकला, मदरबोर्डाच्या भोकात गेलेली पडद्याची तार काढून कार्डाच्या भोकात घातली आणि म्हणाला, “आता बघ.”

पडदा उजळला. थोरलीने त्याच्या डोक्यावर एक टपली मारली. एवढाच समारंभ.

नऊ तासांची फेरी आता सव्वादोन तासांत होऊ लागली. धाकट्याचा खेळ बंद पडला नाही; चित्र जरा भरड झाले, झाडांची पाने कमी झाली. सुरुवातीला तो कुरकुरला, मग कमी पानांची सवय झाली. बारावीच्या वर्षात झाडाला पाने कमी असलेलीच बरी, असे सौ.चे मत.

या कामासाठी थोरलीने माळ्यावरची आजोबांची पेटी खाली काढली होती. आजोबा शेवटपर्यंत हिशेब मोडीत लिहीत. त्यातल्या कागदांवर ती यंत्राची परीक्षा घेई. ते दहातली सहा-सात अक्षरे बरोबर सांगे, उरलेली मी दुरुस्त करी. एक दिवस पेटीच्या तळातून एक लांब कागद निघाला. तो त्या दोन लग्नांची याद होता. कोणी काय द्यायचे, कोणी काय घ्यायचे. आई जवळच शेंगा फोडीत बसली होती. ती म्हणाली, “वाच गं.”

यंत्राने वाचले, थोरलीने सुधारले. लुगडी इतकी, हंडा एक, घागरी दोन, खोंड एक, अमुक मण ज्वारी. एका बाजूला इकडचे, दुसऱ्या बाजूला तिकडचे. रेघ मारून दोन्हींची बेरीज जुळवलेली.

“माझं नाव हाय का त्यात?”

थोरलीने कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. मीही पाहिला. ‘मुलगी’ असे दोन ठिकाणी होते. नाव कोठेच नव्हते. “नाही, आजी.”

आईने एक शेंग फोडली. “आन् खोंडाचं?”

खोंडाचेही नव्हते. ते ऐकून आई मोठ्याने हसली, आम्हीही हसलो. पण त्या रात्री मला बराच वेळ झोप आली नाही. माझ्या मनातल्या प्रश्नाचे उत्तर त्या कागदावर होते. त्या यादीत दोन्ही बाजूंची बेरीज काटेकोर जुळली होती, आणि तरीही त्या अदलाबदलीने दोन बायकांचे निम्मे आयुष्य टांगून ठेवले. आमच्या सोप्यातल्या अदलाबदलीत बेरीज मुळीच जुळत नव्हती. चौपट कोयते एकीकडे, पाव दुसरीकडे. पण ज्याचे होते त्याला विचारले गेले होते. जिला हवे होते तिच्या तोंडून अट आली होती. आणि वस्तू ज्याची त्याचीच राहिली होती. अदलाबदल न्यायाची होते ती वजने सारखी झाल्यामुळे नव्हे. ज्यांची अदलाबदल आहे त्यांचा शब्द तीत असावा लागतो. कार्डाला शब्द नाही म्हणून ते मुकाट्याने जाते. माणसांना तसे पाठवले की हिशेब पन्नास वर्षे मिटत नाही.

थोरलीने त्या यादीची बाळबोध नक्कल केली आहे. जेथे ‘मुलगी’ होते तेथे तिने कंसात दोन्ही नावे घातली, आईचे आणि आत्याचे. मूळ कागदात फेरफार करणे संशोधनाच्या शिस्तीत बसत नाही, हे मी तिला सांगितले. ती म्हणाली, “म्हणून तर कंसात घातलंय.”

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी हल्ली आणखी एक हिशेब असतो. गणिताचा तास झाला की धाकटा त्या तारखेवर बारीक फुली मारतो. झाला नाही तर गोल काढतो. दिवाळीपर्यंतचा हिशेब परवा झाला. थोरलीकडे नऊ दिवस फिरतात.